धुराचं यंत्र

सिहोऱ्याहून जबलपूरला येताना बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर दोघी बसल्या होत्या. तरुण मुलीच्या मांडीवर एक पेटी होती.

“कुंदाकाकू, तुमच्या गच्चीवर हे यंत्र आठवडाभर ठेवू द्या ना.”

“काहून? आमची पितळेची भट्टी बंद करायला कोणी पाठवलं तुला?”

“कोणीच नाही. मी कॉलेजात धुराचा अभ्यास करून राहिले.”

“अच्छा. आत कॅमेरा आहे?”

“नाही हो. यंत्र हवा ओढतं, धुराचे कण पांढऱ्या पट्टीवर बसतात. मग पट्टीतून प्रकाश सोडला की कणांनी किती शोषला ते कळतं.”

“आणि धूर कोणाचा, तेही सांगतं?”

“नाव नाही सांगत. पण तुमची भट्टी पेटली की पट्टी जास्त काळी होते का, ते दिसेल.”

“हे तू आमच्या ह्यांना सांगितलं?”

“अजून नाही.”

“मग सांगूच नको. डॉक्टर दरवेळी विचारतात, घरात बिडी कोण पितं? कोणीच पीत नाही, तरी माझ्या पोरीचा खोकला जाऊन नाही राहिला. गच्चीवर नको, यंत्र तिच्या खिडकीत ठेव.”