अण्णांना कसलाही आजार नाही

अरे, इन्शुरन्सचा फॉर्म फोनच्या स्पीकरवर कधी भरू नका, सांगून ठेवतो. इथे आखातात फुटबॉल वर्ल्ड कपची तयारी चालली होती तेव्हाची गोष्ट. अल मुंतझातल्या आमच्या घरासमोरचा रस्ता खणून ठेवलेला, त्यामुळे ओरडूनच बोलावं लागायचं. नाशिकहून सासू-सासरे आले होते. इथून ते तीन महिने युरोप फिरणार होते आणि शेवटी दोन आठवडे आम्ही नवरा-बायकोही जाणार होतो. मेडिकल कव्हरसाठी मी एजंटला फोन लावला.

"अंकल, बीपी?"

"नहीं!" अण्णा, म्हणजे माझे सासरे, गरजले.

"शुगर?"

"नहीं!"

"कोई ऑपरेशन?"

"बिलकुल नहीं!"

सासूबाईंना राहवेना. "अहो, मग बायपास काय शेजाऱ्यांची झाली होती?"

"ती जुनी झाली. खलास!"

"अंकल, छुपाओगे तो उधर क्लेम रिजेक्ट होगा," एजंट म्हणाला.

अण्णांनी मान खाली घालून सगळं कबूल केलं.

"और आंटी, आपको?"

"कुछ नहीं," सासूबाई ठसक्यात म्हणाल्या.

"दम्याचा पंप आहे तिच्या पर्समध्ये," अण्णा शांतपणे म्हणाले. "दोन वर्षं झाली. तू सांगितलं नाहीस, म्हणून मीही विचारलं नाही."

सासूबाईंनी पर्स उघडून पंपावरचं नाव एजंटला वाचून दाखवलं.

"सर, अब आपका?"

माझी बायको सोफ्यावर सरसावून बसली.

"शुक्रन भाई," मी घाईघाईने आभार मानले, "मेरा मैं ऑफिस से भरता हूं." आणि फोन ठेवला.