सामाईक भिंत

हिमानी : परवा तुम्हीच घराचा नकाशा फायनल म्हणालात, काका. आता काय राहिलं?

कारभारी : हे दार, मॅडम. स्वयंपाकघराच्या भिंतीतलं. म्या काढलंच नाय.

हिमानी : मीही नाही काढलं. तुमच्या पेन्सिलीच्या कागदाचा फोटो घेतला, कॉम्प्युटरनं रेघा ओळखून नकाशा केला. बस.

कारभारी : लई हुशार तुमचा कॉम्प्युटर! मागं त्यानं तुळशीवृंदावनाचा संडास केला होता.

चतुराबाई : तोही ऐन अंगणात.

हिमानी : चौकोनात गोल दिसला, चुकला तो. त्याच्या चुका निस्तरून निस्तरून मीही थकलेय. पण इथं तो चुकलेला नाही. फोटो मोठा करते. ही पुसट रेघ दिसतेय? खोडरबर फिरवलंय तिच्यावर.

चतुराबाई : दिसायलीय की. ह्यांनीच काढलं अन् चहा निवायच्या आत खोडलं.

कारभारी : तू गप बस.

चतुराबाई : गपच बसले इतके दिवस. ताई, भिंतीपलीकडं ह्यांच्या धाकल्या भावाचं घर व्हायलंय, कडुबा भावजींचं. चिकलठाण्याच्या ह्या प्लॉटच्या वाटणीत भांडले, बोलणं तुटलं. खर्च वाचावा म्हणून भिंत मातर दोघांत एक.

हिमानी : मग एकमेकांना निरोप कोण देतं?

चतुराबाई : मिस्त्री.

हिमानी : तो उद्या तीच भिंत बांधायला घेणार आहे. दार ठेवायचं तर आज सांगा. आणि भिंत सामाईक आहे, तेव्हा कडुबाकाकांनाही विचारावं लागेल.

कारभारी : म्हणून तर खोडलं. इचारायचं कोणी?

चतुराबाई : आता तरी इचारा. विटा चढल्यावर काय हातोडा घेऊन जाणार का?

कारभारी : अन् तो नाय म्हणला तर? थोरला भाऊ दार मागायला आला होता, हेच सांगत फिरंल गावभर.

(कारभारी नकाशावरच्या दारावरून बोट फिरवतो.)

कारभारी : मॅडम, नकाशा तुम्हीच दाखवा त्याला. म्हणा, मशीननं चुकून काढलं.

हिमानी : आणि ते ‘राहू द्या’ म्हणाले तर?

कारभारी : तर राहू द्या.

हिमानी : बरं. कडी कोणत्या बाजूनं, तेही विचारतील ते.

कारभारी : त्याच्या बाजूनं.

हिमानी : आणि तुमच्या?

कारभारी : आमच्या बाजूला नको.