नुसती टेप

—नाही नाही ताई, उभ्याउभ्या नको, आधी बसा. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय डुगडुगतो. या स्टुलावर— नको, स्टूलही नको, ते लागतं आम्हाला— हां, इथे बाकावर बसा. आणि तो डबा द्या इकडे. उघडायची गरजच नाही, नुसता हातात घेतला तरी कळतंय, ही बघा खुळखुळ. पेनाचा डबा खुळखुळला की समजायचं, पेशंट गेला. कुरियरवाले हो, दुसरं कोण! मी या डोळ्यांनी बघितलंय. गोदामात एक जण गाडीत उभा, एक खाली, आणि मधल्या पंधरा फुटांत लोकांच्या वस्तू हवेतून चाललेल्या. वर लाल अक्षरांत 'नाजूक वस्तू' लिहिलं तर बघायलाच नको, त्यांना आणखी चेव येतो. बघू... अरे अरे अरे. टोपण उभं चिरलंय. आणि ही निब— घ्या, भिंगातून बघा— पोपटाची चोच झालीय नुसती. साठ वर्षं काढली हो या पेनानं. किती खिसे बदलले असतील, किती वेळा जमिनीवर पडलं असेल, काही झालं नाही त्याला. आणि आमच्या दुकानातून तुमच्या वडिलांच्या गावी जाईपर्यंत, दोन दिवसांत, निकाल! हे चौथं— म्हणजे— या महिन्यात पेनांचे दिवसच वाईट आहेत, असं म्हणायचं होतं मला.

काय म्हणता? वडिलांनी तक्रार केलीच नाही? मग तुम्हाला कळलं कसं? ...आभाराचं पत्र आलं. बरं. 'पेन फार सुंदर आहे, जपून वापरेन.' छान लिहिलंय की. मग? ...बॉलपेननं. पत्र बॉलपेननं लिहिलेलं होतं.

ताई, त्यापेक्षा तुम्ही येऊन मला चार शिव्या द्यायच्या होत्यात. घेताना तुम्हीच नव्हतं का सांगितलंत, वडिलांचं अगदी असंच पेन बँकेत कुणीतरी 'एक मिनिट द्या हो' म्हणून घेतलं आणि ते मिनिट चाळीस वर्षं झाली तरी संपलेलं नाही. त्या माणसाला ऐंशीव्या वाढदिवसासाठी तसंच पेन परत मिळतं, ते मोडकं निघतं, आणि मुलीला वाईट वाटू नये म्हणून तो गप्प बसतो. आणि तुमच्या भावानं ते तुकडे गुपचूप खणातून काढून धाडले. वाढदिवस रविवारी, आज बुधवार. म्हणजे रविवारी त्यांनी खण उघडला की आत हे धडधाकट पेन पाहिजे. बरोबर? तुम्हाला नेता येणार नाही, सुट्टी नाही, म्हणजे पुन्हा पार्सलच. हं. पुन्हा पार्सल.

एक सांगू? निब सरळ होईल. ती बघा, आत्ताच घेतो चिमट्यात. निबेखालची ही काळी जीभ शाबूत आहे, शाईची पिशवीही शाबूत. दुरुस्ती मला जमते हो, तीस वर्षं तेच केलं. कुणी शिकवलं नाही, लोकांची मोडकी पेनं मोडून मोडून शिकलो. पण पार्सल... हा डबाच बघा ना. मखमलीची पेटी, सोनेरी कडी, आणि आत पेन मोकळंच, नवरदेवासारखं. ही तीन पानं— माझंच अक्षर— पेन कुठे बनलं, कसं हातोहात फिरलं, सगळी कुळकथा. गोष्ट तीन पानं आणि पेनाभोवती कागद किती? एक. तोही असा की फुंकर मारली तर उडेल. आणि टोपण असं आवळून बसवलंय की दणका बसला तर चिरण्यावाचून त्याला दुसरा मार्गच नाही. हे असं कुणी बांधलं म्हणता? दुकानानं. म्हणजे दुकानात... आता दुकानात आहे तरी कोण दुसरं? मी बांधलं. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं थोडंच राहतं. कुरियरवाल्यांना उगाच बोललो मी. फेकतात ते, पण एकोणीस वर्षं फेकतच होते की, आणि एकोणीस वर्षांत आमचं एकही पेन फुटलं नाही!

मग आत्ताच काय झालं, असं विचारताय ना? नाही विचारत? तरी सांगतो. जरा हळू बोलतो हं, त्या पडद्यामागे आमची ही आहे.

पार्सल ती करायची. तिचे वडील सायकलवरून काचेची भांडी विकायचे. कच्च्या रस्त्यानं दिवसभर जायचं आणि संध्याकाळी एक बशी फुटलेली नाही! ती विद्या हिच्याकडे आली. टोपण आणि दांडी वेगळी करायची, दोन्हींना जुन्या मऊ धोतराचं कापड गुंडाळायचं, नळाच्या प्लास्टिक पाइपचा एक तुकडा कापायचा, त्यात ते असं सरकवायचं की ना घट्ट ना सैल, टोकांना कापूस, मग डब्यात चारी बाजूंनी कागदाचे बोळे. मग डबा कानाशी धरून हलवायचा. 'डबा बोलला नाही पाहिजे,' हा तिचा एकच नियम. आणि शेवटी त्याच स्टुलावर चढून डबा वरून खाली टाकायचा— धप्प! मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा किंचाळलो होतो. ती म्हणाली, 'फुटायचं असेल तर इथंच फुटू दे, आपल्या घरात.' मग टेप. झालं.

तर गेल्या महिन्यात एक कॅमेरेवाला आला. जुन्या दुकानांचे व्हिडिओ करतो. मला इथे बसवलं, चेहऱ्यावर दिवा मारला, म्हणाला, 'काका, एकोणीस वर्षांत एकही पेन फुटलं नाही, यामागचं रहस्य काय?' आणि ताई, दिवा अंगावर पडला की माणसाचं काय होतं कुणास ठाऊक! उचलली जीभ लावली टाळ्याला. हे दोन्ही हात कॅमेऱ्यापुढे धरले आणि म्हटलं, 'अनुभव! या हातांना कळतं.' तेवढ्यात ही पाण्याचे ग्लास घेऊन आली. त्यानं विचारलं, 'आणि काकू काय करतात?' मी म्हटलं— हसत म्हटलं हो, वाईट हेतू नव्हता— 'ही? ही नुसती टेप लावते.'

तिनं ग्लास ठेवले. आत गेली. टेपचं रीळ घेऊन बाहेर आली, माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाली, 'बाकी सगळं तुमचे हात करतातच. एवढंही त्यांनाच करू दे.' हे बघा, अजून तिथंच आहे ते रीळ.

सतरा दिवस झाले. भांडण नाही हं! जेवायला वाढते, वीज गेली की हाक मारते, भाचीच्या परीक्षेचं सांगते. पार्सलचा विषय निघाला की मात्र, 'मला त्यातलं काय कळतंय, मी नुसती टेप लावते.' पहिलं पेन फुटलं तेव्हा म्हटलं, योगायोग. दुसरं फुटलं, म्हटलं पावसाळी हवा. तिसऱ्याचे तुकडे एका वकिलानं पाठवले, सोबत चिठ्ठी: 'हे जिगसॉ आहे का?' आणि चौथं तुमचं. माफी? मागितली की. परवाच म्हटलं, 'माझं काही चुकलं असेल.' ती म्हणाली, 'असेल.'

हं, निब झाली सरळ. बघा, कागदावर ओढून बघा— लोण्यासारखी. राहिलं टोपण. असं टोपण आता शोधून मिळायचं नाही. पण हे माझ्या खिशातलं बघा. जुळा भाऊ! हेही तिनंच शोधलं होतं, एका शिंप्याच्या जुन्या शिवणयंत्राच्या खणात, बॉबिनांच्या खाली. मला म्हणाली, 'हे विकायचं नाही, हे तुमचं.' तेव्हापासून खिशात. टोपण उन्हानं जरा फिकं झालंय, पण आटे तेच... बसलं! अहो, राहू द्या हो, 'नको' काय म्हणता. तुमचे वडील बॉलपेननं खोटं लिहितात आणि मी खिशात टोपण मिरवू?

आता जरा मोठ्यानं बोलतो, तुम्ही दचकू नका. ताई! या दुकानात पेनं मी विकतो, पण पोचवते ती! सतरा दिवसांत मी चार फोडली आणि तिनं एकोणीस वर्षांत एकही नाही! मी त्या कॅमेऱ्यापुढे खोटं बोललो, आणि 'असेल' नाही, चुकलंच! त्याला मी परत बोलावणार आहे. तो दिवा तिच्यावर मारेल आणि पाण्याचे ग्लास मी आणेन!

...काहीच नाही. बरं. पेन इथे पडद्याजवळ स्टुलावर ठेवतो, रीळही ठेवतो, आणि इकडे तोंड करून बसतो. तुम्ही पत्ता सांगा, मी लिहून घेतो. बॉलपेन द्या जरा तुमचं. हसताय काय, माझं आता बिनटोपणाचं झालं ना! हां, घर नंबर? ...पुढे? ...पोस्टाच्या मागे. झालं. आता—

स्टूल कुठे गेलं?

आत्ता इथं होतं. पेन, रीळ, स्टूल, सगळंच... थांबा. ती कात्री ऐकू येतेय ना? कापड कापतेय. काही बोलू नका.

...

धप्प! ऐकलंत? आणि आतून काही वाजलं? काही नाही ना? डबा बोलला नाही, ताई! आणि ही— टर्रर्र— ही टेप! बघा, मी म्हटलं होतं ना, की तिला— नाही. मी काहीच म्हटलं नव्हतं. या तुम्ही. रविवारी वडिलांना नमस्कार सांगा. दार हळू लावा. मला आता तोंड उघडायचं नाहीये.