चाचणीच्या टेपला आवाज होता काय, याबाबत

दिनांक १४ नोव्हेंबर

जबाब देणार: तक्रारदारांची मुलगी, वय ४६, धंदा ग्रंथपाल, राहणार वडिलांजवळ, दुसरा मजला.

समक्ष हजर राहून जबाब देते की, मला यापूर्वी दोनदा बोलावणे आले होते. कामाचे कारण सांगून मी आले नाही. काम नव्हते. उशिराबद्दल दिलगीर आहे.

माझे वडील, वय ७४, ध्वनिमुद्रक होते. ते काम करत तो स्टुडिओ बंद पडला तेव्हा तेथील जुने टेपमशीन, मिक्सर आणि दोन स्पीकर त्यांनी घरी आणले. आई गेल्यावर तिच्या खोलीच्या भिंतींना गाद्या ठोकून त्यांनी स्वतःचा स्टुडिओ मांडला. ओळखीचे गाणारे येतात. आम्हा दोघांचे बोलणेही बहुतेक त्याच खोलीत होते.

गेल्या वर्षी त्यांनी मला हाक मारून सांगितले, "ऐक, मशीन कसं स्वच्छ झालंय. टेपची सरसर पार गेली." सरसर होती. मी "हो" म्हटले. त्यानंतर त्यांनी मुद्रित केलेले प्रत्येक गाणे कानाला टोचू लागले. ते चहाला उठले की मी मिक्सरचे उंच स्वर वाढवणारे बटण थोडे मागे फिरवत असे. त्यांच्या ते लक्षात आले नाही.

घटनेच्या दिवशी दुपारी वडील मशीन जुळवत होते. त्यासाठी चाचणीची टेप असते. तिच्यावर गाणे नसते, नुसते लांब स्वर असतात. मशीनचा आवाजाची पातळी दाखवणारा काटा मोडलेला असल्याने ते कानानेच जुळवतात. सर्वांत उंच स्वरापाशी ते अडले. तोच तुकडा मागे घेऊन पुन्हा पुन्हा लावू लागले आणि आवाज वाढवत गेले. खिडकी उघडी होती. मी दारात गेले तेव्हा त्यांचा कान स्पीकरला जवळजवळ टेकला होता. "अगं, एवढाच तुकडा मुका झालाय बघ," ते म्हणाले. मला तिथे उभे राहवत नव्हते. मी "असेल" म्हटले आणि स्वयंपाकघरात जाऊन दार लावून घेतले.

शेजारच्या नर्सबाई रात्रपाळी करून झोपल्या होत्या. त्या आमच्या दारात येऊन म्हणाल्या, "काका, बंद करा हो ते! डोक्यात सुई खुपसतंय कुणीतरी."

"बाई, मशीन मुकं आहे. तुमच्याच कानात शिट्टी वाजत असेल. झोपा जरा."

"म्हणजे मी खोटं बोलते?"

"उभा जन्म आवाजात गेला माझा. आता तुम्ही मला आवाज शिकवणार?"

यानंतर बाईंनी जिन्यातील आमचा मेन स्विच खाली ओढला. मशीन धक्क्याने थांबले व टेप चुरगळली. स्विच ओढताना मी पाहिले नाही. बाईंनी ते स्वतः कबूल केले आहे.

वडिलांनी तक्रारीत लिहिले आहे की टेपला आवाजच नव्हता, बाईंनी आकसाने नुकसान केले, आणि मुलगी साक्षीला आहे. आज येताना रिक्षात ते म्हणाले, "घाबरायचं नाही. जे ऐकलंस तेच सांग."

टेपला आवाज होता. मी तो ऐकला. बाई खोटे बोलत नाहीत. वडीलही खोटे बोलत नाहीत. त्यांना तो ऐकू आला नाही. लिहून घेणाऱ्या हवालदारांनी "कर्कश" असा शब्द घातला होता, तो मी काढायला सांगितला. मशीन उत्तम जुळले होते. स्वर स्वच्छ होता.

हा जबाब मला पंखा चालू असताना, नेहमीच्या आवाजात वाचून दाखवला. वडील दारालगतच्या बाकावर बसले होते. वाचन चालू असताना त्यांनी माझ्याकडे पाहून समाधानाने मान हलवली. जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.

तक्रारदार म्हणून वडिलांना याची नक्कल उद्या दुपारी मिळेल असे समजले. उद्या सकाळी, नक्कल मिळण्याआधी, त्यांना मी स्वतः सांगायचे आहे.