मंडळी आजारी आहे

मंडळी, ऐका. आख्यानाला हात घालण्याआधी एक प्रश्न विचारतो. माणूस जिवंत आहे का, हे नाडी धरली की कळतं. पण मंडळी जिवंत आहे का, हे कसं कळायचं? तिची नाडी कुठं असते? घंटेत? छपरावरच्या क्रुसात? मागचे काका, तुम्ही सांगता? नाही? मग जागे राहा, उत्तर गोष्टीत आहे.

आणि आधी हा शब्दच बघा. मंडळी! मोठा लबाड शब्द. तुम्ही समोर बसलात, तुम्ही मंडळी. आपण जिला चर्च म्हणतो, ती ख्रिस्ताची सभा, तीही मंडळी. आणि जुन्या वळणाचा माणूस बायकोचं नाव घेत नाही, तो म्हणतो, 'आमची मंडळी माहेरी गेलीय.' आमची मंडळी ती बघा, खांबाला टेकून बसलीय. कीर्तन लांबलं की तिथून खोकते. तर शब्द एक, अर्थ तीन. त्यांनी शिरसवाडीत काय गोंधळ घातला, ते आता ऐका.

शिरसवाडी लहान गाव, तिथलं चर्च त्याहून लहान. पत्र्याचं छप्पर, दारात कडुनिंब, आणि त्याच्या फांदीला रुळाचा तुकडा टांगलेला. तीच घंटा. पाळक होते सत्यवान उजागरे. सज्जन माणूस, अभ्यासू, पण मनानं हळवा. त्यांच्या पत्नी एस्तेरबाई मुळीच हळव्या नव्हत्या. विहिरीवरून पाण्याचे दोन हंडे आणायच्या आणि वाटेत भेटेल त्याची विचारपूस करत यायच्या. म्हणून पाणी घरी पोचायला उशीर व्हायचा, आणि साहेबांचा चहासुद्धा!

आता पाळकसाहेबांचं दुःख काय होतं? लोक रविवारी यायचे, ठरल्या जागी बसायचे, ठरल्या वेळी 'आमेन' म्हणायचे आणि चपला शोधायला लागायचे. वडील भीमाजी पाटोळे, म्हणजे मंडळीचे कारभारी, त्यांची प्रार्थना तर पोरासोरांना पाठ होती. 'हे देवा, आम्हाला दुष्काळातून सोडव,' असं ते ओढ्याला पूर आला तरी म्हणायचे.

आणि गाणं? पेटीवर याकोब मकासरे, ढोलकीवर लाजरस घाटविसावे. दोघे सख्खे साडू. एका नाताळात दोघांचं वाजलं. याकोब म्हणाला, "भक्तीचं गीत संथच पायजे." लाजरस म्हणाला, "आरं, येशूच्या जल्माचं गाणं हाय हे, मयताचं न्हाई!" झालं. लाजरस ढोलकी घेऊन घरी गेला, आणि ती गेली खुंटीवर. मग एकट्या पेटीवर गीत इतकं संथ झालं, इतकं संथ, की पहिलं कडवं संपेपर्यंत लोक दुसरं विसरायचे.

हसलात? पण पुढं काय झालं ऐका. साडू बोलेनात, म्हणून त्यांच्या बायका बोलेनात. त्या तर सख्ख्या बहिणी! मग याचे शेजारी इकडं, त्याचे शेजारी तिकडं. कुणी बाळंत झालं, कुणी घसरून पडलं, कुणी कुणाकडं जाईना. म्हातारी शेवंताबाई तापानं फणफणली, तेव्हा तिच्या उशाशी बसायला एकट्या एस्तेरबाई गेल्या.

साहेबांनी समजावून पाहिलं. प्रवचनात रागावूनही पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी! शेवटी एका शनिवारी ते दळण घेऊन गिरणीवर गेले, आणि नेमका तिथं त्यांच्या वरिष्ठांचा फोन आला. गिरणी चालू! घर्रर्र! मग आपले साहेब लागले ओरडून बोलायला.

"काय सांगू साहेब, मंडळी आजारी आहे! हो, मंडळी! अंगात जीवच राहिला नाही तिच्या! मी बोलून बोलून थकलो, गुण नाही! आता मी तिला सोडतो! मला दुसरी द्या! गरीब असली तरी चालेल, पण हसती-बोलती द्या!"

आणि शेजारी ज्वारीची पाटी घेऊन कोण उभं होतं? शेवंताबाई! तिनं पाटी तिथंच ठेवली, तोंडावर पदर घेतला, आणि निघाली. मंडळी, शुभवर्तमान सांगायला आपले पाय जड होतात. पण अशी बातमी असली की म्हातारीलासुद्धा पंख फुटतात! दिवेलागणीपर्यंत घरोघरी एकच बोलणं: पाळकीणबाई मरणाला टेकली, आणि साहेब तिला टाकून दुसरी करायला निघाला.

दुसऱ्या दिवशी रविवार. साहेब नेहमीसारखे सकाळी लवकर झाडलोट करायला चर्चमध्ये गेले. वेळ झाली, त्यांनी घंटा दिली. कुणी नाही. पुन्हा दिली. रस्त्यावर कुत्रंसुद्धा फिरकेना. आजवर थोडे का होईना, लोक येत तरी होते. आज एकही नाही! साहेब रिकाम्या सतरंजीवर बसले. डोळे भरून आले. म्हणाले, "प्रभो, काल म्हणालो आजारी आहे. आज तर गेलीच की रे. माझ्या हातात गेली." दाराला कडी घातली आणि खाली मान घालून घराकडं निघाले.

आणि लोक कुठं होते? लोक साहेबांच्या घरात! एस्तेरबाई अंगण झाडत होत्या. बायकांनी हातातला खराटा काढून घेतला आणि त्यांना उचलून खाटेवर घातलं. वर गोधडी. दिवस कोणते? वैशाखाचे!

"अगं, मला काही झालं नाही!"

"आजारी माणूस असंच म्हणतं. गप पडा."

एकीनं पेज भरवली, दुसरीनं तळपायाला तेल चोळलं. उशाशी बसली शेवंताबाई. म्हणाली, "माज्या तापात तुमी रातरात बसला व्हता. आन् आमी? आमास्नी गिरणीत कळावं? साहेबच फोनवर म्हनले, मंडळी आजारी हाय."

एस्तेरबाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. नवऱ्याची मंडळी कुठली, हे त्यांच्याशिवाय कोण ओळखणार? हसू आलं, पण त्यांनी ओठ दाबला. सभोवार बघितलं. दारात ते दोन साडू उभे, एक या चौकटीला, एक त्या चौकटीला. त्यांच्या दोघी बायका एकाच पेजेच्या पातेल्याशी. मग बाई काय बोलल्या? खोटं बोलल्या का? पाळकाची बायको, खोटं कशी बोलेल! क्षीण आवाजात म्हणाल्या, "खरं आहे. मंडळीला बरं नाही. पेटी आणि ढोलकी एकत्र वाजेना, तेव्हापासून खंगलीय ती." सांगा, यात खोटं काय आहे?

लाजरस मागं फिरला आणि धावत घरून ढोलकी घेऊन आला. याकोबनंही घरून पेटी आणून मांडली. नुसता म्हणाला, "तू म्हनशील त्या लयीत." भीमाजीअण्णांनी टोपी काढली आणि प्रार्थना सुरू केली, "हे देवा, आम्हाला दुष्काळातून..." आणि अडले. पुढचं पाठ होतं, पण बाहेर येईना. मग हुंदका आला, आणि म्हणाले, "देवा, ही आमची माय हाय. हिला नगं नेऊ." आयुष्यात पहिल्यांदा त्यांची प्रार्थना कुणालाच पाठ नव्हती. आणि मग गीत सुरू झालं.

साहेब वळणावर आले तर कानावर ढोलकी! वाटलं, कुणाचं लग्न आहे? घराशी आले तर दारात पाय ठेवायला जागा नाही, आणि उंबऱ्यात भीमाजीअण्णा वाट अडवून उभे.

"थांबा साहेब. आधी सांगा. असल्या देवमाणसाला टाकून तुमी दुसरी करनार?"

"दुसरी? मी?"

"गिरणीत म्हनला न्हाई व्हय? मंडळी आजारी हाय, सोडतो, दुसरी द्या?"

साहेबांनी कपाळाला हात लावला. "अहो अण्णा, ती मंडळी नव्हे हो! चर्चची मंडळी! मी माझी बदली मागत होतो!"

एस्तेरबाईंनी गोधडी भिरकावली आणि पोट धरून हसायला लागल्या. मग सगळं घर हसलं. पण हसता हसता हसू विरलं. लाजरस हळूच म्हणाला, "म्हंजी साहेब, आजारी आमीच व्हय?"

एस्तेरबाई म्हणाल्या, "होती आजारी. आता नाडी बघा ना तिची."

साहेबांनी बघितलं. एका पातेल्याशी दोघी बहिणी. एकाच चटईवर पेटी आणि ढोलकी. भीमाजीअण्णांचे डोळे अजून ओले. साहेबांनी तिथंच वरिष्ठांना फोन लावला. "साहेब, बदली नको. मंडळी उठून बसली. पेज प्यायली."

तिकडून आवाज आला, "देवाची स्तुती असो. आणि पत्नी कशा आहेत?"

*मंडळी प्रभूची । नव्हे वीट-माती ।*
*माणसांची नाती । जोडलेली ॥*
*आजारी पडे ती । दुरावता हात ।*
*हातामध्ये हात । येता, उठे ॥*

आता वळतो तुमच्याकडं. शिरसवाडीच्या लोकांचं चुकलं असं तुम्ही म्हणाल. मी म्हणतो, त्यांना बरोबर ऐकू आलं! प्रेषितांनी मंडळीला काय म्हटलंय? ख्रिस्ताची वधू! बायकोच ना? म्हणजे त्या गोधडीखाली कोण निजलंय, हे गिरणीतल्या म्हातारीला आपल्यापेक्षा आधी कळलं. आणि ही वधू किती वेळा आजारी पडली, किती वेळा रुसली, डुलक्या काढत बसली. आमच्या साहेबांनी बदली मागितली. तिच्या धन्यानं कधी मागितली का? क्रुसावर होता तेव्हासुद्धा नाही मागितली.

म्हणून आज घरी जाताना छपराकडं बघू नका, घंटेकडं बघू नका. शेजारी कोण बसलंय ते बघा. ज्याच्याशी बोलणं बंद आहे, त्याच्या मनगटाला हात लावा. लावा, लावा, मी थांबतो. काका, तुम्हीसुद्धा. ते तिकडं बसलेत, तुमचे भाऊ.

हां. लागली का नाडी हाताला?

मग मंडळी बरी आहे. वाजवा रे ढोलकी, जरा जलद. आमची मंडळी खोकायला लागलीय.