सायरन आणि आल्याचा चहा

माझ्या चहात आलं नको. कारण ऐका.

आखाती युद्ध चालू होतं तेव्हा शारजात हिंदी सिनेमाआधी एक विनोदी फिल्म दाखवली. गॅसहल्ल्याचा सायरन वाजला तर काय करायचं? पडद्यावर ढेरपोट्या काकाची धांदल, थिएटरात हशा. मी चिडून पडद्याकडे पाठ करून उभी राहिले. "तिकडे माणसं मरताहेत आणि तुम्ही हसताय?"

"बस गं, बघू दे," आई म्हणाली. मी बोलतच राहिले.

फिल्म संपते न संपते तोच बाहेर खरा सायरन वाजला. मी आईचा हात धरला. "आई, आता काय करायचं?"

आईने पिशवीतला चहाचा थर्मास उघडला, माझी ओढणी चहात भिजवली आणि माझ्या नाकावर दाबली.

"चहात?"

"पाणी नसलं तर चालतो. काकाने दाखवलं, तुझं भाषण चालू होतं तेव्हा."

सायरन चाचणीचा होता, हे कळेपर्यंत मी आल्यातूनच श्वास घेत होते.