दुसऱ्या डिस्कची वायर

—नाही नाही, वहिनी, मशीन चालतंय. झकास चालतंय, बघा ना, बटण दाबलं की दहा सेकंदांत उघडतंय. तुम्ही बसा आधी. त्या स्टुलावर नको, त्याचा पाय हलतो — इथं बसा. दादा कसा आहे? टकटक करतो ना अजून? एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही — परवा मी फोनवर अर्धा तास एकटाच बडबडतोय आणि तो पलीकडून बोटानं टक, टक-टक! गळ्याच्या ऑपरेशनात आवाज गेला, पण मोठेपणा गाजवायचं काही सुटलं नाही. हसताय? हसा. मला नाही हसू येत.

सांगतो ना. आवाजाचंच सांगतोय. म्हणजे आधी डिस्कचं सांगतो, नाहीतर तुम्हाला कळायचं नाही. ह्या कॉम्प्युटरात डिस्क दोन — एक जुनी, ऑपरेशनआधी दादानं रेकॉर्ड केलेलं सगळं जिच्यात आहे ती. आणि एक नवी, जिच्यावर नवीन सिस्टीम टाकायची होती, कारण टाइप केलेलं त्याच्या आवाजात बोलणारा तो प्रोग्रॅम जुन्या सिस्टीमवर चालेना. सरळ काम. आणि त्यात नियम एकच — सिस्टीम टाकताना दुसऱ्या डिस्कची वायर काढून ठेवायची. का? तर सिस्टीम टाकताना डिस्क आधी पुसली जाते, आणि स्क्रीनवर नुसतं 'डिस्क शून्य', 'डिस्क एक' एवढंच दिसतं. ह्या तर दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या — मीच आणून दिल्या, जोडी छान दिसते म्हणून! ती भिंतीवरची पाटी वाचा — 'आधी कॉपी काढा'. माझंच अक्षर आहे. वीस वर्षं येईल त्याला हेच ऐकवत आलोय. दादाची कॉपी? काढणार होतो. नवीन सिस्टीम बसली की निवांत काढणार होतो.

वायर काढली होती हो! शप्पथ, काढली होती. पण ती सिस्टीम अर्ध्यात अडकली, परत टाकली, परत अडकली, डोकं उठलं — म्हटलं जरा दादाला ऐकू. म्हणून जुनी जोडली. हॉस्पिटलनं वाचायला दिलेली वाक्यं आहेत आधी — पाणी दे, दिवा बंद कर, पाठ दुखतेय — शाळेत धडा वाचावा तशी खणखणीत. मग स्वतःची. तुमच्या छोटीसाठी गोष्टी. तुमच्यासाठी — ते मी नाही ऐकलं, वहिनी, तुमचं नाव आलं तसं पुढे सरकवलं. आणि एकदम — 'धाकट्या, जेवलास का?' बस, एवढंच. आई गेल्यापासून रोज दुपारी दीडला फोन करून हेच विचारायचा, आणि मी? 'कामात आहे, नंतर' — की ठेवला फोन. नऊ वेळा ऐकलं ते. आणि दर वेळी 'हो' म्हटलं, मोठ्यानं, दुकानात एकटाच. मग तोंड धुतलं आणि तसाच कामाला बसलो. वायर तशीच. त्यात जोडताना ती दुसऱ्याच खोबणीत लागलेली, नंबर उलटे झालेले. नवी म्हणून जी पुसली —

हो.

सगळं करून पाहिलं. चार दिवस तुम्हाला 'पार्ट यायचाय' म्हणून सांगत होतो ना, थापा मारत होतो. दोन ठिकाणी नेऊन दाखवली. फायलींची नावं आली परत, एक्केचाळीसच्या एक्केचाळीस — 'छोटीची गोष्ट तीन', 'धाकटा' — आणि लावलं की नुसतं सूंऽऽ. आता मशीन बोलेल, वहिनी, पण कुणातरी परक्याच्या आवाजात. छोटीला काय सांगायचं, तुम्हीच सांगा. शिव्या द्या.

फोन — दादाच. दीड वाजला ना. नको, तुम्ही नका घेऊ, माझं मी — हं, दादा. हो, वहिनी इथंच आहेत. नाही जेवलो अजून. दादा, ते तुझं — तुझं ते रेकॉर्डिंग —

एकदा वाजवतोय. झालं ना, म्हणून विचारतोय.

त्याच्याच भाषेत सांगतो, वहिनी. सरका जरा, ते टेबल —

टक. टक.